‘राहू दे’ म्हणजे काय?

माझ्या आईला तिचा फोन सतत शुद्ध मराठी शिकवायचा. ती अकोल्याच्या मामाला ‘मले आज बरं नाई’ असं लिहायची आणि फोन परस्पर ‘मला आज बरं नाही’ करून टाकायचा. मामा घाबरून फोन करायचा, बाईले झालं तरी काय, अशी काहून बोलून राहिली!

त्या वैतागातून मी आणि माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने वऱ्हाडी कीबोर्ड तयार केला. मी अमरावतीत घरून प्रोग्रामिंगची कामं करते, ती धामणगाव रेल्वेला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शब्द मी गोळा केले. पण ‘करून राहिलो’, ‘करून राहिली’ अशी क्रियापदं नेमकी सुचवणारा कोड सगळा तिचा. तो काढला तर वऱ्हाडीपण संपलंच.

कोड आम्ही इंटरनेटवर ठेवला आणि वर लिहिलं, ‘घ्या बिनधास्त’. आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं. मग अकोटच्या एका शिक्षिकेला तो शाळेतल्या मुलांच्या टॅब्लेटवर हवा होता. तिच्या संस्थेने विचारलं, परवाना कोणता, म्हणजे कोणत्या अटींवर वापरायचा? परवाना नव्हताच, आणि ‘बिनधास्त’ हा शब्द कायद्याला कळत नाही.

परवाना निवडायला बसलो आणि आमची जुंपली. ती म्हणाली, सगळ्यात साधा लाव: आमचं नाव तेवढं ठेवा आणि काय वाटेल ते करा. मला दुसरा हवा होता. घ्या, बदला, विकासुद्धा, पण बदललेलं पुढे दिलंत तर त्याचा कोडही याच अटींवर खुला ठेवा. उद्या एखादी कंपनी माझ्या आईचे शब्द कुलपात घालील या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

“देणं म्हणजे देणं,” ती म्हणाली. “तू त दिल्यावरबी शेपटी धरून राहिली.”

मीही काही कमी बोलले नाही. त्यानंतर बोलणं बंद झालं.

शिक्षिकेचा पुन्हा निरोप आला तेव्हा मी नाक मुठीत धरून मैत्रिणीला लिहिलं, ‘मला माझाच परवाना लावायचा आहे. तुझ्या कोडचं काय करू?’ तिचा कोड तिच्या संमतीशिवाय माझ्या अटींखाली घालता येणार नव्हता.

उत्तर आलं, ‘राहू दे.’

संपलं, असं मला वाटलं. आमच्याकडे कोणी चहाला नको म्हणतानाही ‘राहू दे’च म्हणतं. मी तिचा भाग बाजूला काढला आणि स्वतः लिहायला घेतला. आईने ‘मी येऊन’ एवढं टाइप केलं तर माझा कीबोर्ड ‘मी येऊन राहिली’ऐवजी ‘मी येऊन राहा’ सुचवायचा. आई म्हणाली, याच्यापेक्षा पयलेचा फोन बरा होता. मला रडू यायचं बाकी होतं.

मामा वकील. अकोल्याला गेले तेव्हा सगळं त्याच्या कानावर घातलं. त्याने तो दोन शब्दांचा मेसेज चष्मा वर करून वाचला.

“‘राहू दे’ म्हणजे काय? ठेव, का सोड? याच्यावर मी नोटीससुदिक नाई पाठवणार. तिले तोंडानं इचार.”

परतताना अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरायचं, ते मी उतरलेच नाही. गाडी धामणगावला गेली, तशी मीही गेले. शाळा नुकतीच सुटली होती, ती फाटकातच भेटली. मी नमस्कार-चमत्कार न करता सरळ विचारलं, तू ‘नाही’ का म्हणालीस?

“मी कवा नाई म्हणलं? राहू दे म्हणलं. जसा हाय तसा राहू दे, असं.” मग माझ्याकडे बघून तिचा आवाज चढला. “तू काढला का काय?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. ती हसत सुटली, आणि फाटकाला टेकून मीही. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कीबोर्ड वाचला होता, आणि खरं सांगायचं तर कीबोर्डाची काळजी त्यात अर्धीच होती.

मामाच्या सांगण्यावरून मी तिला संमती तिथल्या तिथे स्वच्छ शब्दांत लिहायला लावली. तिने निमूट लिहून पाठवली. मी विचारलं, “तुला माझी अट पटली का मग?”

“अजूनबी नाई पटली,” ती म्हणाली. “पण माह्या कोडबिगर तू कीबोर्ड बनवशीन, हे कसं पटन मले?”