वहिनीनं न पाहिलेला सिनेमा

तार मुंबईला शाळेत आली तेव्हा माझा सातवीवर तास चालू होता. शिपायानं ती फळ्याशी आणून दिली आणि मुलांसमोर मी ती उघडली, कारण मला वाटलं बदलीसंबंधी काही असेल. वहिनी गेली होती. आठ दिवसांपूर्वी पुतणीचं पत्र आलं होतं, आईला कावीळ झालीय, डोळे पिवळे झालेत म्हणून. मी उत्तरात पथ्याचे चार शब्द लिहिले होते आणि गणपतीला येतोच आहे असं कळवलं होतं. पावसाळ्यात रेवसची लाँच बंद असते, त्यामुळे पनवेल-पेणवरून एस.टी.नं फिरून जावं लागलं. घरी पोचलो तोवर सगळं उरकून माणसं परतली होती. दादा पडवीत ओल्या धोतरानं बसला होता. मला बघून तो म्हणाला, "तुझी लई वाट बगितली तिनं..." याला आज महिना उलटून गेला.

चांगुणावहिनी माझ्या थोरल्या भावाची, धर्मादादाची बायको. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचं स्वतःचं वय सोळा असेल. मला न्हाऊ घालण्यापासून माझी पाटी पुसून देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी धडा वाचताना अडखळलो की तिला लगेच कळायचं. आमचं गाव काशीदच्या अलीकडचं, कोळ्यांची तीस-चाळीस घरं. दादाची एक शिडाची होडी होती. मी अलिबागला शिकायला राहिलो तेव्हा आठवड्यातून एकदा बाजाराला येताना वहिनी माझ्यासाठी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन यायची. मी खोलीवर नसलो तर डबा मालकिणीकडे देऊन जायची. मी बरेचदा नसायचो... म्हणजे ती येण्याच्या वेळी मी खोलीवर नसेन अशी व्यवस्था करायचो.

आता त्या सिनेमाविषयी. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. नावाड्याची आणि त्याच्या बायकोची ती गोष्ट या किनाऱ्यावर कुणाला माहीत नाही? स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी ती मंडळी काशीदला चित्रीकरणाला आली होती. त्यांना होडी हवी होती आणि दादाची मिळाली. दादानं हौसेनं नवंकोरं शीड चढवून नेलं, तर त्यांचे साहेब म्हणाले, हे चालायचं नाही, गरीब नावाड्याचं शीड फाटकं, ठिगळांचं पाहिजे. दादा तोंड पाडून घरी आला. वहिनीकडे तेव्हा दोन लुगडी धड होती. त्यातलं बरं, मोठ्या चौकड्यांचं, तिनं कातरीनं कापलं आणि त्याच संध्याकाळी ओटीवर बसून जुन्या शिडाला त्याची पाच ठिगळं लावली. सिनेमात ते शीड दिसतं, आणि नायकाच्या जागी होडी हाकणारा दादा पाठमोरा दिसतो. चित्र लागल्यावर गावानं दादाला सळो की पळो करून सोडलं. धर्मानं होडीला लुगडं नेसवलंय, असं जो तो म्हणायचा. दादा चिडायचा आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. तिला एकच गोष्ट हवी होती. ते लुगडं आणि ती पाठ पडद्यावर बघायची होती.

दादा मासेमारीच्या दिवसांत दर्यावर. त्यामुळे तिला सिनेमाला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. अलिबागच्या थिएटरात दुपारचा खेळ होता. बाजार आटपून ती परभारे तिथं येणार होती. ती आली. विहिरीवर हातपाय धुऊन, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून, उरलेलं दुसरं लुगडं नेसून आली. कमरेवर मासळीची रिकामी पाटी होती, कारण ती ठेवणार कुठे? पाटी रिकामी असली तरी तिला वास येत होता आणि रांगेतल्या दोन-तीन जणांनी नाकाला रुमाल लावले. नेमके तेव्हाच माझ्या वर्गातले तिघे तिथं आले. त्यांत वकिलांचा मधू होता. त्याच्या घरी मी अभ्यासाला जायचो, त्याच्या आईच्या हातचे पोहे खायचो, आणि त्यांच्याकडे मी असं सांगून ठेवलं होतं की माझ्या भावाचा बोटींचा व्यवसाय आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. मला तशीच वाक्यं जमायची.

मधूनं वहिनीकडे बघितलं आणि मला विचारलं, "कोण रे या?"

मी म्हणालो, "आमच्या गावच्या आहेत. बाजारात मासळी घेऊन येतात."

यातही खोटा शब्द एकसुद्धा नव्हता. वहिनी दोन हात अंतरावर उभी होती आणि तिनं ते ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती रडेल, रागावेल, नाहीतर जवळ येऊन मला नावानं हाक मारेल, अशी मला भीती वाटली. तिनं पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "व्हय. म्हावरं इकून झालं, आता घरला चालले. तुमच्या घरी काय निरोप सांगायचा हाय का?"

जन्मभर मला 'तू' म्हणणारी बाई ती. मी म्हटलं, "काही नाही."

ती गेली. मी तिकीट काढून त्या तिघांबरोबर आत जाऊन बसलो. होय, बसलो. आधी सरकारी बातम्यांचं रीळ लागलं, कुठल्याशा धरणाचं काम चाललेलं दाखवत होते. ते संपत आलं. आता ती होडी येणार, ते शीड येणार. बरं वाटत नाही असं सांगून मी उठलो आणि बाजारात पळत गेलो, तिथून बंदरावर गेलो. आमच्या गावची होडी सुटून बराच वेळ झाला होता. मी धक्क्यावर बसून राहिलो. मला फार वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याबरोबर मधूला काही कळलं नाही याचं बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

घरी जायला मी पुढे तीन आठवडे लावले. गावात शिरलो तर पहिल्याच घरातून हाक आली, काय रे, वहिनीला सिनेमा दाखवलास म्हणे, मोठा गुणाचा दीर! मला काही समजेना. वहिनी मागच्या अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. वाक्य जुळवून आणलं होतं. तिनं काम थांबवलं नाही. म्हणाली, "दोगांनी बगितला असं सांगितलंय मी. तुझ्या दादाला कललं तर तो तुझं शिक्षान बंद करील. तू आता येगलं काय बोलू नको." मग विचारलं, परीक्षा कधी आहे. मी तारीख सांगितली. क्षमा मागायची ती वेळ होती आणि मी परीक्षेची तारीख सांगत बसलो.

त्या एका वाक्यानं तिनं स्वतःला काय बांधून घेतलं ते मला पुढे हळूहळू समजत गेलं. तो सिनेमा दर वर्षी यायचा. मासळीच्या हंगामात तंबूवाले यायचे, कधी रेवदंड्याला, कधी मुरूडला, आणि बायका गाड्या जुंपून जायच्या. कुणी पाच वेळा पाहिला, कुणी सात वेळा. पण पोरं सांभाळायला आणि वाळत घातलेली मासळी राखायला कुणीतरी मागे राहायला हवं. चांगुणा, तुझं बघून झालंय ना, तू थांब, असं सगळ्या म्हणायच्या. ती थांबायची. आठ-दहा जणींची पोरं तिच्या ओटीवर खेळायची. परत आल्या की त्या सगळी गोष्ट पुन्हा सांगायच्या, आणि वहिनी ऐकायची. असं ऐकून ऐकून तिला तो सिनेमा त्यांच्यापेक्षा चांगला पाठ झाला. हळदीला कुणी त्यातला प्रसंग करून दाखवायला लागलं आणि चुकलं, तर तीच सुधारायची. तसं न्हाय गं, पयली ती दिवा लावते, मंग तो हाक मारतो. तिच्यावर संशय घेणं शक्यच नव्हतं. मधलं ठिगळ खालच्या कोपऱ्यात उसवलंय ते पडद्यावर दिसतं, हे सुद्धा ती सांगायची. सांगणारच... ते शिवलं तिनंच होतं, आणि घाईत तो कोपरा राहिला हे तिला ठाऊक होतं.

मीही तो सिनेमा आजवर पाहिलेला नाही. मुंबईत शिक्षकांच्या खोलीत त्यातले संवाद रोज कुणीतरी म्हणत असतं. तुमच्याच गावचा ना, असं मला विचारतात आणि मी मान हलवतो. बायकोनं दोनदा तिकिटं आणली. एकदा माझं डोकं दुखलं, एकदा वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. तिला वाटतं मला सिनेमाचं वावडं आहे.

एकदा मात्र मी वहिनीला विचारलं होतं. नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी. म्हटलं, लाँचनं भाऊच्या धक्क्याला ये, मोठ्या थिएटरात तो सिनेमा पुन्हा लागलाय, मी दाखवतो. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "बगितलाय नं एकदा." मी केलं माझ्या परीनं, असं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी हे जेवताना विचारलं होतं आणि दादा माझ्या शेजारच्या पाटावर बसलेला होता. त्याच्यासमोर ती दुसरं काय बोलू शकणार होती? मागच्या अंगणात ती एकटी असताना विचारणं माझ्या हातात होतं. ती नाही म्हणेल अशीच जागा मी निवडली होती, आणि हे मला त्या वेळीही माहीत होतं.

तेराव्याला माणसं पांगल्यावर पडवीत आम्ही तिघेच उरलो, दादा, मी आणि त्याची मुलगी मंदा. मंदा नववीत आहे. दादा एकदम माझ्याकडे वळला. "बालू, एक इचारू? मी तिला कवा इचारलं न्हाय, लाज वाटली. तू तिच्या बाजूला बसलेलास. माझी पाट दिसली तवा... ती हसली का रं?"

मंदासुद्धा माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगायची तीच वेळ होती. दादा आता माझं शिक्षण बंद करणार नव्हता.

मी म्हणालो, "हसली."

दादानं पंच्यानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, मी दिसलो तवा ती हसली, बालूनं बगितलंय. मी निघेपर्यंत निदान दहा जणांना त्यानं हे सांगितलं असेल. मी शेजारी बसून ऐकत होतो. वहिनी माझ्यासाठी एक खोटं बोलली आणि ते तिनं सोळा-सतरा वर्षं स्वतःच्या अंगावर वागवलं. माझ्या खोट्याचं ओझं मात्र मी दादाच्या गळ्यात बांधून मुंबईला आलो.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मी अधूनमधून लिहितो. रविवारचा अंक आमच्या गावात सोमवारी एस.टी.नं पोचतो आणि शाळेतून आल्यावर मंदा तो दादाला वाचून दाखवते. माझा लेख असला की वहिनी हातातलं काम घेऊन पडवीच्या दाराशी खांबाला टेकून बसायची. तिला त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण लेख संपेपर्यंत ती उठायची नाही. आता ती जागा रिकामी असते, तिथं कुणाला बसावंसं वाटत नाही, असं मंदानं परवाच्या पत्रात लिहिलंय. समोर बसून सांगायचा धीर माझ्यात तेव्हाही नव्हता, आताही नाही. म्हणून तिथं ऐकू जाईल अशा रीतीनं सांगतो आहे. मंदा, तू हे एव्हाना मनातल्या मनात पुढचं वाचून थांबली असशील. थांबू नकोस. आवाज बारीक करू नकोस. पुढच्या ओळी बाबांना नीट ऐकू जाऊ देत.

दादा, ती हसली नाही. ती माझ्या शेजारी बसलीच नव्हती. तुझी पाठ तिनं कधी पाहिली नाही. त्या दिवशी थिएटरच्या दारात मी तिला ओळख दिली नाही.