शेडमधलं पितळी नोझल

काही कामंच अशी असतात, की संध्याकाळी बोईसरच्या खोलीवर परतताना पदराला एखादा किस्सा चिकटलेला असतोच. आमची शेड त्यातलीच. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामाजवळ आम्ही आग विझवायचे पाइप आणि नोझल तपासायचो. मी, नवी बी.एस्सी., व्हॉल्व्हवर.

*

मुलाखतीतच शेडचे प्रमुख देवधर साहेब यांनी विचारलं, "प्रेशर गेजचा काटा स्थिर आहे. नोझलमधल्या पाण्याला प्रवेग आहे?"

"नाही," मी दचकून म्हणाले.

"मग बारीक तोंडाशी वेग वाढला कुठून? एका जागी बघाल तर वेग तोच. पण प्रत्येक थेंब पुढे जाताना पळायला लागतो. काटा शांत म्हणून पाणी शांत समजू नका, बाई!"

तरी नेमलं. का, ते आजही माहीत नाही.

*

पलीकडे पाया खणायला सुरुंग उडवायचे. त्याआधी भोंगा वाजायचा, आणि भोंग्यापेक्षा माझं "आई गं!" मोठं. फिटर रामनाथ म्हणायचा, "दीदी, भोंगे की छुट्टी कर दो!"

*

नोझल धरायचे पागधरे. मूळचे मच्छीमार, होडी फुटली तेव्हापासून हीच रोजी. पहिल्याच दिवशी पाणी सुटलं, नोझलनं मागे रेटलं, आणि त्यांनी हात ढिले सोडले. समुद्रात दोराला हिसका बसला की दोर सोडायचा, नाहीतर बोटं जातात. इथं मोकळा पाइप उसळला आणि पितळी नोझल रामनाथच्या खांद्यावर बसलं. हाड मोडलं.

रामनाथच कण्हत म्हणाला, "हड्डी जुड़ जाएगी, साब. इसको मत निकालना."

"एक संधी," साहेब म्हणाले. "पुन्हा सुटलं, तर पागधरे घरी."

*

मग नियम झाला: व्हॉल्व्ह बंद करून मी "बंद!" असं ओरडेपर्यंत नोझल सोडायचं नाही.

पागधऱ्यांनी विचारलं, "ताई, पंप तोच, पानी तेवढाच. मग तोंडाशी येवढा जोर कशाला?"

"तोंड बारीक. तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात जायचं, म्हणून वेग घेतं. वेग घेताना मागे रेटतं."

"आमची खाडी पन तोंडाशी अशीच धावते," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

*

त्यांच्या परीक्षेला साहेब स्वतः उभे. प्रेशर पुरं चढलं. पागधऱ्यांचे पाय वाळूत मागे सरकत होते, हात तसेच. तेवढ्यात भोंगा! सगळे आडोशाला पळाले, साहेबसुद्धा. मी कसाबसा व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथेच खाली बसले. सुरुंग उडाला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना.

धूळ बसल्यावर साहेब परतले. पागधरे मघाच्याच जागी, नुसतं ठिबकणारं नोझल दोन्ही हातांनी आवळून.

"अहो, पाणी केव्हाच थांबलं. सोडा ते!"

पागधऱ्यांनी मान हलवली.

"ताई बोलल्या नाय अजून."