मेश्राम मॅडमचा निळा कागद

मेश्राम मॅडमच्या पर्समध्ये एखादवेळी कंगवा नसेल, पण लिटमसचा निळा कागद हमखास असायचा. भनपुरीच्या आमच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी भाषा. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की यांचा कागद आधी बुडायचा. "अहो, प्या ना गुपचूप!" मी वैतागायची. "थांब व माय, पहिले पाहू दे." कागद लाल झाला की बाई लहान पोरीसारख्या खूश!

शाळेमागे मुरमाड जमिनीवर एक तळं आहे. त्यातल्या गोगलगाई संपल्या, तेव्हा मॅडमनी तिथंही कागद बुडवला. लाल! काठावर दुकालू ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. झालं! पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, बैठकीत मॅडमनी सगळ्यांसमोर बोट दाखवलं, "याचंच तेजाब हाय." बिचारा हात जोडून नाही नाही म्हणत राहिला, ऐकतं कोण? लोकांनी त्याची टपरी उठवली. तो गुढियारीच्या बाजारात हमाली करू लागला.

पुढचा पावसाळा आला तरी तळं आंबट ते आंबटच. मॅडमना चैन पडेना. गच्चीवर स्वच्छ वाडगं ठेवून त्यांनी पावसाचं पाणी धरलं, तळ्याचं भरून घेतलं आणि दोन्ही कॉलेजातल्या मैत्रिणीकडे तपासायला दिलं. दोन्हीत बॅटरीतलं सल्फ्युरिक नव्हे, नायट्रिक आम्लच निघालं. ट्रकांच्या, कारखान्यांतल्या भट्ट्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू हवेत आम्ल होतात, पावसातून, धुळीतून तळ्यात उतरतात. ते मारायला आमच्या मुरमात चुना नाही.

"दरवर्षी पोट्ट्याइले हेच शिकवून राहिली मी, अन् मलेच सुचलं नाही! दुकालू समोर दिसला नं. धुराले कोण बोट दाखवते?" मॅडम स्टाफरूममध्ये रडल्या.

आम्ही दोघी गुढियारीला गेलो. पोतं उतरवून दुकालूनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मैडम, बदनाम तो सबके सामने करे रहेव. माफी अकेल्ला में काबर?" माफी एकट्यात का, या प्रश्नानं खाली गेलेली मॅडमची मान घरी येईपर्यंत वर झाली नाही.

रविवारी त्यांनी पुन्हा बैठक बोलावली, दुकालूलाही निरोप धाडला. "तळं दुकालूनं नाही, धुरानं नासवलं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "दुकालूचं पोट मात्र मी मारलं." लोक म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, झालं गेलं." "जाऊ कसं देऊ?" मॅडमचा आवाज फाटला. मागे उभा दुकालू चहा न घेताच निघून गेला. टपरी काही परत आली नाही.

निवृत्त होऊन मॅडम नागपूरला निघाल्या, तेव्हा सामानाचा ट्रक दारात काळा धूर सोडत उभा होता. त्यांना हसवावं म्हणून मी विचारलं, "निळा कागद घेतला ना?"

"नाही व. तो हातात घेतला का दुकालूचे जोडलेले हातच दिसतात मले."