वाळूतलं पाणी नॉर्वेला पाठवताना

"सर गेले रे. उन्हाचं येऊ नको, सावकाश ये," देगलूरहून काकूंचा, सरांच्या पत्नीचा, फोन आला. स्वतःच्या घरात असं घडलेलं असताना त्यांना माझ्या उन्हाची काळजी... व्यंकटराव सरांचं घरच तसं.

सर मला शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या भागातल्या कोरड्या नाल्यांवर इंग्रजीत छोटं पुस्तक लिहिलं. नॉर्वेतल्या एका शिक्षकाच्या ते वाचनात आलं आणि त्याला ते तिथल्या मुलांसाठी नॉर्वेजियनमध्ये हवं झालं. नांदेडला माझं भाषांतराचं ऑफिस आहे, तेव्हा अनुवादक शोधायचं काम सरांनी हक्कानं माझ्या गळ्यात मारलं. तोवर आजार बळावला होता. ते पुस्तक एकदा हातात घ्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

इंटरनेटवर तिघं सापडली. पण नॉर्वेजियन आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं, मग पारख करायची कशी? वर्गात सर धडा वाचून दाखवत आणि आम्हाला फळ्यावर चित्र काढायला लावत. तोच नियम त्यांनी नॉर्वेला लावला. नाल्यावरचा एक परिच्छेद पाठवायचा आणि अनुवादासोबत चित्र मागायचं! पहिल्याचं चित्र आलं, त्यात दुथडी भरलेला नाला आणि काठाला चक्क होडी. खाटेवर पडल्या पडल्या सर खोकला येईस्तोवर हसले. "आरं, ह्यो नुसते शब्द बदलून राहिला. ह्याला नाला दिसलाच न्हाई." दुसऱ्यानं चित्राला नकार दिला, पण पंधरा दिवसांत पुस्तक देतो म्हणाला. मला मोह झाला. "सर, देऊन टाकू. तुमच्या हाती तरी पडेल." ते भडकलेच. "माझ्यापायी तिथल्या पोरांनी चुकीचा नाला शिकावा का?" खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

तिसरी एक बाई होती, पूर्वी भूगोल शिकवणारी. तिनं कोरडी वाळू काढली आणि वाळूत खणलेला झिरा, त्यात तळाशी थोडंसं पाणी. सर उठून बसले. "हीच. लागू दे किती लागायचा तो येळ." तिला चार महिने हवे होते. सरांकडे तेवढे नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

परवा तिचा ईमेल आला. झिरा दरवर्षी एकाच जागी खणतात का? विचारायला आता सर नव्हते, म्हणून मीच देगलूरला नाल्यावर गेलो. एक म्हातारी झिऱ्यातून वाटीनं घागर भरत होती. तिला विचारलं.

"न्हाई बाबा. पानी सरकतं तसं आमी बी सरकताव." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "मास्तरनं धाडलं का तुला? दर उन्हाळ्यात येऊन हेच इचारायचे. ठावं असून इचारायचे."

तिनं वाटी पुढे केली, आणि पाणी पिता पिता मला रडू फुटलं.