आडव्या कुंड्या

बाबांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आयुष्य गेलं पिंपरीच्या कारखान्यात, मशिनवर. कारखान्यांचे दिवस फिरले, स्वेच्छानिवृत्ती असं भारदस्त नाव देऊन कंपनीने त्यांना घरी बसवलं, आणि घरी बसणं त्यांना येत नव्हतं. घरातले नळ, पंखे, बिजागऱ्या त्यांनी दुरुस्त केल्या, न बिघडलेल्यासुद्धा. शेवटी आईनेच हात जोडून त्यांना आमच्या कोथरूडच्या घराच्या अंगणात धाडलं. मी त्याच सुमारास सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि त्यांच्या शेवटच्या पगारापेक्षा माझा पहिला पगार जास्त होता. त्यावर घरात कोणी कधी बोललं नाही.

अंगणात त्यांना फुटबॉल लिली सापडली. कांद्यासारखा कंद. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, माती भाजून निघालेली असताना, त्यातून एक दांडा वर येतो आणि त्यावर लालभडक चेंडू फुलतो. थोडे दिवस मिरवतो, मग पानं येतात, दिवाळीनंतर तीही पिवळी पडून जातात आणि कुंडीत नुसती माती उरते. बाबा तेव्हा सगळ्या कुंड्या कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून आडव्या ठेवून द्यायचे. का, ते आम्ही विचारलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा त्यांचा बाणा. अंगण त्यांचं, स्वयंपाकघर आईचं, आणि एकमेकांच्या हद्दीत कोणी नाक खुपसायचं नाही, यावर त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाण्यावर बंदी घातली, दिवसभरात जेमतेम एक पेला. ही शिस्त पाळून घेण्याचं काम आईकडे आलं आणि तिने ते चोख केलं. बाबा कधी चिडायचे, कधी लहान मुलासारखे गयावया करायचे. थंडी सुरू होताना, हॉस्पिटलात जाण्याआधी, धापा टाकत त्यांनी तेवढ्या कुंड्या मात्र आडव्या केल्या. शेवटच्या सकाळी ते आईला म्हणाले, "घोटभर दे गं." आईने ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. पेला उशाशीच होता. दुपारी ते गेले.

दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी आई अंगणात उतरली. गेलेल्या माणसाच्या दारात अशा लवंडलेल्या कुंड्या बऱ्या दिसत नाहीत, असं म्हणत तिने एकेक उचलून उभी केली, पुसली, रांगेत मांडली. मग आत जाऊन तांब्या भरून आणला आणि प्रत्येकीत पाणी घातलं.

ते रोजचं झालं. मी कंपनीच्या बससाठी अंधुक उजेडात बाहेर पडायचे तेव्हा ती अंगणात असायची. थंडीच्या दिवसांत, शाल गुंडाळून, नुसत्या मातीला पाणी घालणारी बाई. पाणी ती ओतायची नाही, पाजायची. तांब्या अगदी खाली नेऊन, धार हळूहळू सोडत. मातीत पाणी जिरताना बारीक आवाज यायचा, कोणी घोट घेतल्यासारखा. मला भीती वाटायची. सांगायला लाज वाटते, पण स्वतःच्या आईची आणि त्या कुंड्यांची मला भीती वाटायची, आणि तिकडे न बघता मी फाटक लावून घ्यायचे. तिला विरंगुळा झालाय, असं मनाला समजवायचे.

मे उजाडला. समोरच्या काकूंकडे लाल चेंडू फुलला. बाबांनीच त्यांना कंद दिला होता. पलीकडच्या बंगल्यात फुलला, कोपऱ्यावर फुलला. बाबांनी कॉलनीभर कंद वाटले होते, तेव्हा जिकडे बघावं तिकडे तेच उभे. आमच्या कुंड्या ओल्या आणि रिकाम्या. आई रोज वाकून बघायची. मला म्हणाली, "माझ्यावर रागावलेत."

मी काही बोलण्याआधी काकू फाटकाशी आल्या. आमच्याकडे फुलं कशी नाहीत, म्हणून विचारू लागल्या. मग बोलता बोलता म्हणाल्या, "थंडीत पाणी नव्हतं ना घातलंत, वहिनी? मला त्यांनी बजावलं होतं. कंद झोपलेला असतो, थेंबभर पाणीसुद्धा नको, कुजतो. म्हणून तर कुंडी आडवी करायची, कोणी चुकून घालायला नको."

काकू गेल्यावर आई पायरीवर बसली, पहिली कुंडी ओढून घेतली आणि बोटांनी माती उकरली. खाली कंद नव्हता. तपकिरी चिखल होता, त्याला वास येत होता. तिने बोटं नाकाशी नेली, पदराला पुसली, दुसरी कुंडी ओढली. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. सगळ्या उकरून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागत होते तेव्हा दिलं नाही. आणि नको होतं तेव्हा पाजत बसले."

तुझं चुकलं नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, असं मी म्हणाले. खरंच होतं ते. त्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही.

काकूंनी त्यांच्या कुंडीतला एक कंद काढून आणून दिला. आईने तो लावला आणि पुढच्या मेमध्ये तो फुललाही. ती फुलाजवळ गेली नाही, खिडकीतूनच बघितलं.

आता दिवाळीनंतर पानं गेली की ती कुंडी स्वतः आडवी करते, तोंड भिंतीकडे. आणि तरी थंडीभर रोज सकाळी ती तांब्या भरते, अंगणात जाते, कुंडीपाशी उभी राहते. मी कान देऊन ऐकत असते. पाण्याचा आवाज येत नाही. थोड्या वेळाने ती आत येते आणि भरलेला तांब्या ओट्यावर ठेवते.

तो दिवसभर तिथेच असतो. त्यातलं पाणी ती पीत नाही, आणि मीही पीत नाही.