परत येताना काय आणणार?

"चाललास, पण परत येताना काय आणणार?"

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून कुणीही दाराबाहेर पाऊल टाकलं, की बाई मान वर न करता हे विचारायच्या. चहा सांगायला निघालेल्यानं "चहा" म्हणायचं. प्रयोगशाळेत निघालेल्यानं "रसाचे आकडे" म्हणायचं. "बघून येतो" हे उत्तर चालत नसे. "काहीच आणणार नसशील तर तसं सांगून जा. म्हणजे आमी वाट बघत बसणार न्हाय." तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. आधी वैताग येतो, मग सवय होते.

बाई कळंबच्या, विभागाच्या प्रमुख. मी तामलवाडीचा, आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. हे मी छाती काढून सांगतो, कारण त्याच जोरावर त्यांच्या हाताखाली बसलो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, पाऊस हुकला होता. कुणाचा ऊस आधी तोडायचा हे 'सी' भाषेतला एक जुना प्रोग्राम ठरवायचा. ज्याचा रस गोड, त्याची पाळी आधी. गोडी सारखी निघाली तर आधी नोंदलेल्याची, आणि नोंदणीत कारखान्याजवळची गावं कायम पुढं. लांब भूमकडच्या विहिरी आटल्या होत्या. तिकडचा ऊस पिकून उभ्यानं वाळत होता. पाळी लांबली असती तर त्याचं जळणच झालं असतं.

त्याच हंगामात नवं मशीन आलं. जुना प्रोग्राम त्यावर चढवताच कम्पायलरनं, म्हणजे आपलं लिहिणं मशीनला समजावणाऱ्या दुभाष्यानं, इशाऱ्यांची रांग लावली. या फंक्शननं परत काय द्यायचं ते लिहिलेलं नाही, पूर्णांक धरतोय. फंक्शन म्हणजे प्रोग्रामनं एकेका कामाला धाडलेला गडीच.

शेतकी अधिकारी घाईत होते. "बाई, चालतंय न्हवं? मग कशाला उकरताव? ते इशारे बंद करता येतेत म्हणं."

"साहेब, लेकरू रडायलं तर त्याचं तोंड दाबताव का पोट बघताव?"

मग बाई एकेका फंक्शनला दारात अडवल्यासारखं विचारू लागल्या, "तू परत येताना काय आणणार?" उत्तर मी शोधायचं.

"बाई, हे नुसतं छापून येतंय."

"मग काही आणत न्हाय, तसं लिही. पुढचं?"

पुढचं गोडीचं निघालं. बाईंनी टेबलावर थाप मारली. "अरे, हे साडेअठरा घेऊन निघतंय आणि दारात अर्धा सांडून अठराच आणतंय!"

म्हणजे भूमकडचा साडेअठरा आणि जवळचा सव्वाअठरा, दोन्ही सारखेच अठरा. पाळी मात्र जवळच्याला. मी फंक्शनच्या नावाआधी एक शब्द लिहिला, हे अपूर्णांक परत आणतं एवढं सांगणारा. पुन्हा चालवलं. एकही इशारा नाही! आणि भूमकडची रानं पाळीच्या यादीत थेट वर.

"मशीन येडं झालं," अधिकारी म्हणाले.

"चला रानात," म्हणत बाईंनी त्यांनाच जीपमध्ये घातलं. भूमकडच्या एका फडात शिरून कांडं मोडलं आणि त्यांच्या हातात दिलं. साहेब चघळत राहिले. चोथा टाकायचंही विसरले.

"लई गोड हाय की वो!"

"मग तोडणीच्या टोळ्या धाडा."

भूमकडच्या उसाच्या पहिल्या गाड्या आल्या तेव्हा बाई पदर खोचून वजनकाट्याशी उभ्या होत्या, लग्नातल्या करवलीच्या तोऱ्यात. मीही काही कमी तोऱ्यात नव्हतो.

पुढं त्या निवृत्त झाल्या. गळ्यात हार, बाहेर एसटी उभी. दारातून मी ओरडलो, "बाई, चाललाव, पण परत येताना काय आणणार?"

सगळा विभाग हसला. बाईंनी या वेळी मान वर केली.

"काय न्हाय रे. सांगून चाललेय."

आणि ताठ मानेनं एसटीत चढल्या.