दोन मिनिटं बाजूला

माझी झोप उडाली होती ती ईराच्या न बोलण्याने. हसू नका, सांगते. म्हणजे शेवटी हसायचंच आहे, तेही माझ्यावर, पण जरा दम धरा. चहा घ्या तोवर.

ईरा माझी मुलगी, वय वर्षं पाच. ऑगस्टपासून इथे एडिनबरात शाळेत जाते, आणि ऑगस्टपासून शाळेत एक अक्षर बोललेली नाही. इंग्लिश येतं हो तिला! घरी टीव्हीला उलट उत्तरं देते. पण शाळेचं गेट दिसलं की तोंडाला कुलूप. टीचर मला गोड आवाजात म्हणाली, "शी इज अ व्हेरी गुड लिसनर." गुड लिसनर! स्थळं बघताना 'मुलगी स्वभावाने शांत आहे' म्हणतात ना, तसला प्रकार.

मग मी अंथरुणात छताकडे बघत शोध लावत बसायचे. हे आलं कुठून? उत्तरासाठी लांब जायला नको. मी तरी कुठे बोलते? बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मीच म्हणते. पोरगी घरात बघेल तेच उचलणार ना?

परक्यांपैकी ईरा फक्त एका माणसाशी बोलायची. मोरॅगशी. मोरॅग आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी कॉलेजची मुलगी. उंच, लाल केसांची, कॉलेजच्या मुलींच्या आइस हॉकी टीममधली डिफेंडर. दोघी जिन्यात बसून काय काय कुजबुजायच्या. मी स्वयंपाकघरातून कान लावून ऐकायचे आणि तेवढ्यावर जगायचे.

आणि त्या टीमचा सीझन! काय वर्णावा! शनिवारी संध्याकाळी दार उघडायचं. आधी आत यायची ती अवाढव्य बॅग, मग बॅगेचा वास, मग मोरॅग. (बोलणं आमचं इंग्लिशमध्येच, पण तुम्हाला मराठीत सांगते.)

"किती झाले?"

"नऊ-शून्य."

"अरे वा!"

"नऊ त्यांचे, ॲश."

ॲश म्हणजे मी, अश्विनी. त्या दिवसापासून मी 'अरे वा' म्हणायचं सोडलं. पुढे सात-शून्य झालं, अकरा-एक झालं. तो एकही समोरच्यांनी चुकून स्वतःच्याच जाळीत घातलेला. तरी त्याच्यासाठी ह्या मुलींनी केक कापला! बाहेर साडेतीनला अंधार, आडवा पाऊस, आणि घरात दर शनिवारी ही हार वाळत घातलेली. नवरा म्हणायचा, "आपण भाडेकरू ठेवलीय की सुतक?"

शेवटची मॅच आमच्याच गावात होती. ईराने हट्ट धरला, मोरॅगला बघायचंय. मी सीझनभर गेले नव्हते. पोरीला सर्दी होईल, कुणी पडेल, कुणाचा दात तिच्या अंगावर उडेल, अशी माझी कारणं. पण मोरॅगच म्हणाली, "ये ना. एवीतेवी हरायचंच आहे, निदान ओळखीचं कुणी असेल." आणि स्वतःचं जादा टीम-जॅकेट मला देऊन गेली. पाठीवर कॉलेजचं नाव, मोठ्या अक्षरात. हे जॅकेट लक्षात ठेवा.

आणखी एक लक्षात ठेवा. त्या सकाळी मोरॅगने माझ्याकडे गरम पाण्याची पिशवी मागितली होती. पाळी आली होती, पोट दुखत होतं. मी पिशवी दिली, वर ओवा चावायला लावला. तिने तोंड वाकडं करून चावलाही.

रिंक म्हणजे काय, मोठा फ्रीज, आणि आपण आतली कोथिंबीर. खेळ मला ओ की ठो कळत नव्हता. ती काळी चकती कुठे जाते तेच दिसायचं नाही. पण बोर्डावर बघते तर काय, एक-एक! शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि आमच्या मुली बरोबरीत! सीझनचा पहिला पॉइंट मिळणार! लोक उभे राहिलेले. ईरा माझा हात दाबत होती.

तेवढ्यात तिला शिंक आली. मी नाक पुसलं, रुमाल शोधला, टोपी सारखी केली. मान वर करून बघते तर मोरॅग बर्फावर नाही.

ती पलीकडे होती. एका काचेच्या कप्प्यात. एकटी, मान खाली घालून बसलेली. दार लावलेलं. बाजूला टेबलाशी एक वयस्कर बाई पहाऱ्याला. बाकी सगळ्या जणी खेळतायत.

हा कप्पा माझ्या ओळखीचा होता.

तुम्ही म्हणाल, कसा? सांगते. मी बारा वर्षांची असताना बार्शीला आत्याकडे गेले होते, गौरीजेवणाच्या दिवशी. तिथे पोचले आणि पाळी आली. आत्याने मला गॅलरीत चटई टाकून दिली. वेगळं ताट, वेगळा तांब्या. आणि मधे काचेचं सरकतं दार. दारातून सगळ्या बहिणी पंगतीत हसताना दिसत होत्या, आवाज मात्र येत नव्हता. मी काही बोलले नाही. मान खाली घालून बसले, अगदी अशीच.

मला वाटलं, इथेही? ह्या देशात? आणि पलीकडे बघते तर दुसऱ्या टीमसाठीसुद्धा तस्साच एक कप्पा! रिकामा! म्हणजे दोन्ही बाजूंची सोय! काय हा ब्रिटिशांचा पद्धतशीरपणा!

ईरा काचेला नाक लावून मोरॅगकडे बघत होती. मी मनाशी म्हटलं, अश्विनी, आज तुझी मुलगी बघतेय. आज तरी तोंड उघड.

उघडलं!

ईराचा हात धरून मी रिंकला वळसा घालून त्या बाईसमोर उभी राहिले. "हिला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

बाई शांत. "दोनच मिनिटं आहेत गं, राणी."

"दोन मिनिटं असू देत, नाहीतर चार! तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"चार?" बाई दचकली. "छे छे. रक्त आलं तरच चार."

बघा! आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

माझ्या तोंडून जे इंग्लिश बाहेर पडलं ते मी ऑफिसच्या मुलाखतीतही बोलले नव्हते. "रक्ताची लाज वाटते तुम्हाला? तुम्हाला कधी पाळी आली नाही? तिला सकाळपासून पाळी आहे, पोट दुखतंय, तरी ती तुमच्यासाठी खेळतेय, आणि तुम्ही तिला बाजूला बसवता?" रिंकला छप्पर पत्र्याचं. माझा शब्द न् शब्द दोनदा ऐकू गेला.

मोरॅग काचेआडून हात हलवत होती. नको, नको. मला वाटलं, बिचारी घाबरलीय. मी कप्प्याचं मागचं दार उघडलं, तिचा दंड धरला आणि म्हटलं, "ऊठ! कुणाच्या बापाला भ्यायचं नाही!" आणि ओढली बाहेर.

शिट्टी वाजली. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला रेफरी घसरत आला. त्याने मोरॅगकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या जॅकेटच्या पाठीकडे. झालं! मी टीमची माणूस ठरले. टीमच्या माणसाच्या गैरवर्तनाबद्दल आणखी एक मुलगी आत, आणि मी रिंकबाहेर.

बाहेरच्या पॅसेजमध्ये चॉकलेटच्या मशीनशेजारी एक बाक होता. त्यावर मी आणि ईरा बसलो. आमच्या दोन मुली कमी. आतून एक मोठा जल्लोष ऐकू आला. तो आमचा नव्हता, हे मला मॅच न कळताही कळलं.

दोन-एक. सीझन संपला. पॉइंट शून्य.

मुली एकेक करून समोरून गेल्या. प्रत्येकीने माझ्या जॅकेटकडे एकदा बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी मोरॅग आली, हेल्मेट काखेत.

"ॲश, मी त्यांच्या एका मुलीला काठी घालून पाडलं होतं. म्हणून मला आत बसवलं. कुणीही पाडलं की दोन मिनिटं बसवतात, समोरचीला रक्त आलं तर चार. तोच नियम आहे."

"मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते सगळ्या रिंकला कळलं." ती खाली बघत म्हणाली. "वरच्या बाकावर माझा डॅड होता. सीझनमध्ये पहिल्यांदाच आला होता."

मी ईराला माझ्याजवळ ओढलं. आयुष्यात एकदा आवाज चढवला, तोही एका पोरीची पाळी गावाला जाहीर करायला! आणि हे सगळं लेकीला शिकवण म्हणून!

मोरॅग तिथेच भिंतीला टेकून बुटांचे बंद सोडायला लागली. तेवढ्यात रेफरी आला, बॅग खांद्यावर टाकून. निदान त्याची तरी नीट माफी मागावी म्हणून मी उठले. वाक्य तयार होतं. "आय…" म्हटलं. "आय ॲम…" पुढे काहीच नाही. तोंडाला कुलूप. नेहमीसारखं. रेफरी थांबून माझ्याकडे बघतोय, मोरॅग बघतेय, आणि मी उभी आहे, व्हेरी गुड लिसनर.

ईराने माझा हात सोडला. दोन पावलं पुढे गेली. मान अगदी वर करून त्या अनोळखी, दाढीवाल्या माणसाकडे बघितलं, आणि माझ्याकडे बोट दाखवत, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"हर टू मिनिट्स आर फिनिश्ड. कॅन शी कम आउट नाऊ, प्लीज?"